लाल खार वाचवायला निघालात? या चुका टाळा

नोकरीनिमित्त कंब्रिया, नॉर्थंबरलंड किंवा स्कॉटलंडमध्ये स्थायिक झालेल्यांच्या परसात कधी लाल खार उतरली, की हात आपसूक शेंगदाण्यांच्या डब्याकडे जातो. जरा थांबा. ब्रिटनची ही मूळची खार आता मुख्यतः स्कॉटलंड, उत्तर इंग्लंड, वेल्सचा काही भाग आणि वाइट, ब्राउनसी यांसारख्या बेटांवरच उरली आहे. १८७६मध्ये चेशर परगण्यात अमेरिकेतल्या करड्या खारी सोडल्या गेल्या, नंतर आणखी ठिकाणी सोडल्या, आणि आज त्या २५ लाखांच्या वर आहेत. त्यांच्यामुळेच लाल खार मागे हटली. लाल खारीसाठी गावोगावचे स्वयंसेवक गट झटतात. त्यांचं काम कोणाच्या वाईट हेतूने क्वचितच बिघडतं. ज्याने त्याने आपापल्या परीने माया केली, की बिघडतं.

नुसत्या रंगावरून ओळखणं

करड्या खारीच्या पाठीवर आणि पायांवर उन्हाळ्यात चांगलीच तांबूस छटा येते. उलट काही लाल खारी इतक्या गडद असतात की काळपट दिसतात. कानांवरच्या केसांच्या झुपक्यांवरही विसंबू नका, ते हिवाळ्यात उठून दिसतात आणि उन्हाळ्यात गळतात. शेपटी पाहा. करडीच्या शेपटीला कडेने पांढरी झालर असते, लालची शेपटी सहसा एकाच रंगाची. अंगानेही लाल खार लहान, साधारण ३०० ग्रॅमची. शेकरू पाहिलेल्यांना तर ती पिल्लूच वाटेल. शंका असली तर फोटो काढून गटाला पाठवा. चुकीच्या नोंदीमुळे करड्या पकडण्याचे स्वयंसेवकांचे पिंजरे भलत्याच रानात लागतात.

फीडर लावून विसरून जाणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. करड्या खारी स्क्विरलपॉक्स या खारींच्या रोगाचा विषाणू बाळगतात, पण त्यांना स्वतःला बहुधा काही होत नाही. लाल खारीला लागण झाली की ती बहुतेक वेळा साधारण दोन आठवड्यांत मरते. खात्रीचा उपचार नाही, लसही मिळत नाही. आता फीडरचा डबा जवळून पाहा. झाकण उचलायला खार नाक आणि पुढचे पंजे एकाच कडेला लावते. तिच्यानंतर येणारी प्रत्येक खार नेमकी तीच कड धरते. २००८मध्ये वायव्य इंग्लंडमधल्या फॉर्म्बीच्या पाइनच्या रानात ही साथ आली आणि तिथल्या ८० टक्क्यांहून जास्त लाल खारी गेल्या.

म्हणून फीडर नियमित धुवा, जंतुनाशकाने पुसा आणि पूर्ण वाळवूनच पुन्हा लावा. रोज थोडंच खाणं ठेवा. नुसते शेंगदाणे नकोत, त्यात कॅल्शियम फार कमी असतं. हेझलनट द्या, शेजारी हरणाच्या गळलेल्या शिंगाचा तुकडा ठेवा, खारी तो कुरतडतात.

फीडरवर करडी दिसली तर? त्याच दिवशी फीडर उतरवा, गटाला कळवा आणि शेजाऱ्यांनाही उतरवायला सांगा. तुमचा उतरला आणि पलीकडच्या घरी भरलेला राहिला, तर उपयोग शून्य. पुन्हा केव्हा लावायचा, ते गटाला ठरवू द्या.

आजारी खारीला ‘माणसाळलेली’ समजणं

खार पळत नाही, जमिनीवर गप्प बसते, हात लांब केला तरी हलत नाही. मुलांना वाटतं, आपली ओळख पटली. पण डोळ्यांच्या कडा, नाक, ओठ आणि पंजे बघा. तिथे फोड किंवा खपल्या असतील तर ती आजारी आहे. उचलून घरात आणू नका. गटाला लगेच फोन करा आणि फीडर काढा. मेलेली सापडली तरी कळवा, कारण तपासणीतूनच साथ लवकर ध्यानात येते.

एकट्याने पिंजरा लावणं

करडी खार पकडून लांबच्या रानात सोडणं हा ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. पकडलेली करडी वेदना न होता मारावी लागते. अहिंसेचे संस्कार झालेल्या कोणालाही हे जड जाईल, आणि ते जड वाटलंच पाहिजे. जमत नसेल तर पिंजऱ्याच्या कामात पडू नका. नोंदी ठेवणं, कॅमेरे तपासणं, फीडर धुणं ही कामंही तितकीच लागतात. पिंजरा लावायचाच, तर गटाकडून शिकून घ्या आणि रोज तपासा. चुकून लाल खार अडकली तर तिला जागच्या जागी लगेच सोडावं लागतं. ती कायद्याने संरक्षित आहे, तिच्या घरट्यालाही धक्का लावता येत नाही.

एकाच परसातल्या करड्या काढल्या तर मोकळ्या जागेत शेजारच्या रानातून दुसऱ्या येतात. वेल्सच्या अँगलसी बेटावर १९९८मध्ये जेमतेम ४० लाल खारी उरल्या होत्या. तिथे बेटभर, वर्षानुवर्षं, चिकाटीने करड्या हटवल्या गेल्या आणि आज लाल खारी ७००च्या वर आहेत. तरीही बेट आणि मुख्य भूमी यांमधल्या मेनाय सामुद्रधुनीवरचे पूल ओलांडून करडी येते का, यावर नजर ठेवावीच लागते.

कुठलंही देशी झाड लावणं

ओक ब्रिटनचाच, पण लाल खारींच्या रानात तो वाढवला तर फायदा करडीचा होतो. ओकची कच्ची फळं, म्हणजे एकॉर्न, तिला पचतात, लालला नीट पचत नाहीत. स्प्रूससारख्या बारीक बियांच्या सूचिपर्णी झाडांवर लालचा निभाव लागतो; नॉर्थंबरलंडमधल्या कील्डरच्या जंगलात इंग्लंडमधल्या सर्वाधिक लाल खारी आहेत, त्या त्यामुळेच.

पाइन मार्टेनवर सगळं सोपवणं

आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये झाडांवर चढणारा, मांजराएवढा हा शिकारी परतला तिथे करड्या घटल्या, लाल वाढल्या. तो रानातला प्राणी आहे, शहरातल्या बागांमध्ये तो फारसा येत नाही. ॲबरडीनमध्ये करड्या जवळपास संपल्या आणि शहरातल्या बागांत लाल खारी परतल्या. त्यामागे पिंजरे सांभाळणारे आणि दिसलेली प्रत्येक खार कळवणारे रहिवासी होते.