थंडीत चालू न होणारी जुनी स्प्लेंडर: कार्बोरेटर उघडण्याआधीची तयारी

गाडी आदल्या रात्रीपासून बंद हवी. सिलिंडरला हात लावून बघा, कोमट लागलं तर आज काही कळणार नाही. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा भाग; गरम इंजिन तो कचऱ्यानं भरलेला असला तरीसुद्धा चालू होतं. (सेकंडहँड गाडी दाखवणारा तुम्ही पोचायच्या आधीच ती एकदा फिरवून आणतो, ते याचसाठी.)

पाने ८, १०, १२ चे, प्लगचा १६ चा पाना, फडकी. स्क्रूड्रायव्हर मात्र नेमक्या मापाचा घ्या. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचे स्क्रू मऊ असतात, डोकं एकदा गोल झालं की अख्खी सकाळ त्यातच जाते.

आता कॉकची जाळी. कार्बोरेटरच्या आधी ती. पेट्रोल कॉकचा (टाकीखालचा ऑन-रिझर्व्हचा खटका) जो भाग टाकीच्या आत उभा असतो, त्यावर बारीक जाळी असते. कॉकखालची छोटी वाटी धुतली म्हणजे ही जाळी धुतली असं होत नाही. ती वेगळी, ही वेगळी. टाकी रिकामी करून कॉक काढल्याशिवाय ती दिसतच नाही. मागच्या वेळी नेमकी हीच राहिली आणि चकचकीत धुतलेला कार्बोरेटर तिसऱ्या दिवशी परत उघडावा लागला. कॉक दोन छोट्या बोल्टांवर आहे की एका मोठ्या नटावर, ते आधी वाकून बघा आणि तसा पाना आणा. कॉकची नवी ओ-रिंग (रबराची कडी) आधीच आणून ठेवा. जुनी परत बसवली तर ठिबकणारच, आणि रविवारी दुपारी दुकान उघडं मिळत नाही.

टाकी रिकामी करायला पेट्रोल चालेल असा धातूचा किंवा जाड कॅन हवा. थर्माकोलचा ग्लास नको, तो विरघळतो. काम उघड्यावर करा. जवळ देवघर, शेगडी, विडी काही नको. शेवटचं पावशेरभर पेट्रोल काचेच्या बरणीत घेऊन दहा मिनिटं स्थिर ठेवा. पाणी जड म्हणून तळाला बसतं, गंज असेल तर तोही दिसतो. ज्या गाडीचा कॉक वर्षानुवर्षं फक्त ऑनवरच राहिला, तिच्या तळाशी सगळा गाळ साठलेला असतो. रिझर्व्हला फिरवलं की तो थेट खाली. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असेल तर ते हवेतला ओलावा ओढतं. म्हणून पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीतलं पेट्रोल वापरायचंच नाही. गंजाचे पापुद्रे निघत असतील तर टाकी धुतल्याशिवाय पुढे जाऊ नका. जाळी धुवून गंजकी टाकी तशीच ठेवणं म्हणजे जाळी न धुणंच.

कॉक बसवला की टाकीत पेट्रोल घाला आणि कॉकची नळी बाटलीत सोडा. ऑनवर धार, मग रिझर्व्हवर धार, टाकीचं झाकण बंद ठेवून दोन-तीन मिनिटं. धार बारीक होत गेली आणि झाकण उघडताच सुधारली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. चार-पाच किलोमीटरवर गाडी बंद पडते आणि थांबून चालू होते, तेही बऱ्याचदा यामुळेच.

मग कार्बोरेटर. उघडण्याआधी नळ्यांचा फोटो काढा. मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू हलक्या हातानं आत टेकेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहा, मग बाहेर काढा. जोरात आवळला तर टोक चेपतं आणि मग आयडलिंग कधीच जमत नाही. चोकवर चालू होते आणि चोक सोडला की मरते, अशी तक्रार असेल तर पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं पितळी जेट) बुजलंय किंवा इनटेकच्या जोडाला हवा खातेय; जोडाची ओ-रिंगही आणून ठेवा. जेटमध्ये सुई घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. वायरीतली तांब्याची एक तार, क्लीनर स्प्रे आणि पंक्चरवाल्याची हवा पुरते. स्प्रे मारण्याआधी रबर काढा, डोळ्याला चष्मा लावा. वाटीचं गॅस्केट फुगतं आणि खाचेत परत बसत नाही, नवं ठेवा.

प्लग काळा-ओला असेल तर पेट्रोल जास्त जातंय: चोक अडकलाय, फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल थांबवणारी) गळतेय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. कोरडा असेल तर पेट्रोल येतच नाही. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावरच तपासा. बॅटरी बघा.

किक मारताना चोक पूर्ण, ॲक्सिलरेटर अजिबात नाही. मूठ पिळली की चोकचा जोर जातो.

आणि कार्बोरेटर परत चढवण्याआधी, जाळी धुतली ना?