रिझर्व्हमध्ये जायचंय? आधी कागदावर उतरंड काढा

सांगलीहून काकूंचा फोन आला की एक प्रश्न ठरलेला: "अरे, तू नक्की बँकेत आहेस की मिलिटरीत?" दोन्हीकडे. सोमवार ते शुक्रवार मी ओहायोत डेटनजवळ एका बँकेचे सर्व्हर सांभाळतो आणि महिन्यातला एक शनिवार-रविवार राइट-पॅटरसन हवाई तळावर सी-१७ या मालवाहू विमानाच्या पोटात लोडमास्टर, म्हणजे सामान चढवून बांधणारा, असतो. हल्ली इथल्या मराठी घरांतली मुलं एअर फोर्स रिझर्व्हचं, म्हणजे अमेरिकी हवाई दलाच्या राखीव दलाचं, नाव काढायला लागली आहेत. त्यांचे आईबाप मला मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेतही गाठतात. सगळ्यांना तेच ते सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

रिक्रूटरकडे (भरती अधिकाऱ्याकडे) जाण्याआधी एक कागद घ्या आणि वरून खाली लिहीत या. सगळ्यात वर एअर फोर्स रिझर्व्ह कमांड, मुख्यालय जॉर्जियातल्या रॉबिन्स तळावर. रिझर्व्ह १९४८ पासूनचं, पण मेजर कमांडचा, म्हणजे हवाई दलातल्या प्रमुख विभागाचा, दर्जा मिळाला १९९७ मध्ये. तिचा प्रमुख तीन तारेवाला जनरल, आणि पेंटॅगॉनमधला रिझर्व्हचा चीफही तोच. त्याखाली तीन 'नंबर्ड एअर फोर्स', म्हणजे क्रमांकाने ओळखले जाणारे विभाग. कॅलिफोर्नियात मार्च तळावर चौथी, तिच्याकडे मोठी मालवाहू विमानं आणि टँकर, म्हणजे हवेत इंधन भरणारी विमानं. टेक्सासात फोर्ट वर्थला दहावी. लढाऊ विमानं, बॉम्बर, अवकाश, सायबर हा तिचा प्रांत. जॉर्जियातच डॉबिन्सला बाविसावी, तिची ओळख सी-१३० या लहान मालवाहू विमानांची. मग विंग, ग्रुप, स्क्वाड्रन अशा लहान लहान होत जाणाऱ्या तुकड्या आणि तळाला तुमचं पोर. आमची ४४५ वी एअरलिफ्ट विंग चौथीच्या हाताखाली येते.

आता या कागदावर न दिसणारी गोष्ट, आणि माझ्या मते तीच खरी. रॉबिन्सवाले भरती करतात, शिकवतात, सामान देतात, तयार ठेवतात. पण कामगिरीवर बोलावणं आलं की हुकूम दुसऱ्याचा चालतो. आमच्या बाबतीत इलिनॉयमधल्या स्कॉट तळावरची एअर मोबिलिटी कमांड. काकूंना मी हे असं समजावलं: रिझर्व्ह म्हणजे माहेर, नांदायचं सासरी. आणि सासरी गेल्यावर "ही महिन्यातून दोनच दिवस स्वयंपाक करते" म्हणून कुणी सूट देत नाही. लोडमास्टरची चाचणी पूर्णवेळवाल्याला जी, तीच मला.

ती चाचणी कशाची, ते थोडं जवळून सांगतो. सामान येतं ते ८८ बाय १०८ इंची अ‍ॅल्युमिनियमच्या पॅलेटवर, म्हणजे सपाट फळीवर. कडेने २२ कड्या, त्यांत जाळ्या अडकवायच्या: दोन बाजूंनी, एक वरून. एका पॅलेटवर जास्तीत जास्त १०,००० पौंड, विमानात अशी १८ पॅलेट. कुठलं पॅलेट कुठे बसलं यावर विमानाचा तोल ठरतो आणि तो हिशेब माझा. पहिल्या हिवाळ्यात जानेवारीच्या एका पहाटे बर्फाने कडी धरली होती. मी घाईत जाळीचा पट्टा 'बसला असेल' म्हणून पुढे सरकलो. मागून येणाऱ्या सार्जंटने बोटाने कडी हलवून दाखवली, तोंडातून शब्द काढला नाही. मग सगळी जाळी उसवून पुन्हा. तेव्हापासून प्रत्येक कडी हातमोजा काढून चाचपतो, बोटं बधिर झाली तरी.

असो. मुलाला, मुलीला कुठलं विमान मिळेल याची चौकशी सगळे करतात. त्याआधी खुर्ची कुठली ते विचारा, कारण आयुष्य खुर्चीवर ठरतं. माझ्यासारखा साधा, म्हणजे 'ट्रॅडिशनल' रिझर्व्हिस्ट: महिन्यातून एक वीकएंड आणि वर्षातून दोन आठवडे. दुसरा प्रकार 'एआरटी' (एअर रिझर्व्ह टेक्निशियन): आठवडाभर त्याच युनिटमध्ये केंद्र सरकारचा नागरी नोकर, ड्रिलच्या, म्हणजे त्या वीकएंडच्या सरावाच्या, दिवशी लष्करी दर्जाने. नोकरी पक्की, पण सरकारी नोकर म्हणून रिझर्व्हचा स्वस्त आरोग्य विमा सध्या त्यांना मिळत नाही. तिसरा 'आयएमए' (इंडिव्हिज्युअल मोबिलायझेशन ऑगमेंटी): हा रिझर्व्हच्या विंगमध्ये नसतोच, थेट नियमित दलाच्या कचेरीला जोडलेला. एकटा जीव, वेळापत्रक बरंच स्वतःचं स्वतः जुळवायचं.

विमान कुणाचं, हेही विचाराच. १९६८ पासून 'असोसिएट' पद्धत आहे: विमान नियमित दलाचं, चालवणारे दोन्ही घरचे. न्यू जर्सीतल्या मॅग्वायरची ५१४ वी विंग तशी. आमची विमानं आमच्या विंगची. आमचं जुनं सी-१४१ मालवाहू विमान, १९७३ मध्ये हनोईहून युद्धकैदी आणणारं 'हनोई टॅक्सी', २००६ पर्यंत आमच्याच विंगने उडवलं; आता डेटनच्या संग्रहालयात उभं आहे. पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथेच नेतो. काही कामं तर रिझर्व्हच करतं. मिसिसिपीतल्या कीसलरहून चक्रीवादळाच्या डोळ्यात विमान घालणारी ५३ वी स्क्वाड्रन घ्या, किंवा आमच्याच ओहायोत यंग्सटाउनला विमानातून डासांवर औषध फवारणारी ९१० वी विंग. कतरिना वादळानंतर हे लोक तिकडे फवारत होते.

ग्रीन कार्डवर भरती होता येतं, पण अधिकारी व्हायला, म्हणजे पायलटलाही, नागरिकत्व लागतं. सुरक्षा-मंजुरीच्या कामांनाही लागतं. एच-१ व्हिसावाल्यांनी वेळ घालवू नये.

पैशांचं गणित सोपं आहे. एका वीकएंडला चार हजेऱ्या, म्हणून दोन दिवसांत चार दिवसांचा मूळ पगार. पेन्शनसाठी वर्षाला ५० पॉइंट हवेत. ड्रिलचे महिन्याला चार म्हणजे ४८, दोन आठवड्यांचे १४, नुसतं सदस्य असल्याचे १५, झाले ७७. अशी २० वर्षं भरली की पेन्शन, सहसा साठीला. ड्रिल बुडवत गेलात तर वर्ष हातचं जातं, म्हणून दरवर्षी पॉइंटचा उतारा स्वतः तपासा.

बोलावणं किती काळाचं येऊ शकतं, हे आईबाप शेवटी, आवाज खाली करून विचारतात. राष्ट्राध्यक्ष एका कलमाखाली ३६५ दिवसांपर्यंत बोलावू शकतात, राष्ट्रीय आणीबाणीत २४ महिन्यांपर्यंत. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, युद्ध पुकारलं तर युद्ध संपेपर्यंत आणि वर सहा महिने. 'महिन्यातून दोन दिवस' हे वाक्य ऐकून सही करू नका. हे तीन आकडे घरी सगळ्यांसमोर वाचा, मग करा.

आणि नोकरी. १९९४ च्या कायद्याने साहेबाला तुमची जागा राखावी लागते, एका मालकाकडे एकूण पाच वर्षांपर्यंत. ड्रिलचे वीकएंड त्यात धरत नाहीत. आगाऊ कळवणं मात्र तुमचं काम. तोंडी चालतं, पण माझं ऐका, ईमेल करा. मी एकदा कॉफी मशीनपाशी सांगितलं, साहेब विसरले, आणि सोमवारी सर्व्हर बसला तेव्हा मी जर्मनीत होतो. परत येण्याच्याही मुदती आहेत: ३० दिवसांपर्यंतची सेवा असेल तर प्रवास आणि आठ तासांची झोप झाल्यावर पुढच्या पाळीला हजर. १८० दिवसांपर्यंत असेल तर १४ दिवसांत अर्ज, त्याहून जास्त असेल तर ९० दिवसांत. या मुदतींचा कागद आमच्या फ्रिजवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लावलेला आहे.