ॲव्हरेज पडलं? आधी टाकी फुल करा

गॅरेजात रोज एक तरी जण गाडी स्टँडला लावता लावताच म्हणतो, "ई-20 आलं आणि ॲव्हरेजची वाट लागली." ई-20 म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. मी विचारतो, मोजलं कसं? "दोनशेचं टाकतो, आधी चार दिवस जायचं, आता तीनच." याला मोजणं म्हणत नाहीत.

गाडी डबल स्टँडवर लावून ऑटोकटपर्यंत टाकी भरा. कट झाल्यावर पंपवाल्याला पुढं थेंबभरही टाकू द्यायचं नाही. किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा. तीनशेक किलोमीटर फिरलात की त्याच पंपावर, तशीच पुन्हा भरा. फिरलेले किलोमीटर भागिले आत्ता बसलेले लिटर. 312 किलोमीटरला 6.9 लिटर बसलं, तर ॲव्हरेज 45.

आता ई-20 च्या माथी किती मारायचं ते बघू. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. ते टाकीत 20 टक्के, म्हणजे निव्वळ पेट्रोलवर 48 देणारी गाडी हिशेबानं 45 वर यावी. त्यात 2022 मध्येच आपण 10 टक्क्यांवर पोचलो होतो, त्यामुळं तेव्हापासूनची घट याच्या निम्मीच. शिवाय त्या लिटरात पेट्रोल 800 मिलीच. म्हणजे इथेनॉल न मोजता, जळालेल्या पेट्रोलच्या लिटरमागं गाडी 56 पळाली. परदेशी तेल कमी लागावं म्हणूनच सरकारनं 20 टक्के मिसळायचं 2030 चं उद्दिष्ट 2025 वर ओढलं. इथेनॉल उसापासूनही होतं, त्यामुळं आमच्या कोल्हापूरच्या उसालाही गिऱ्हाईक झालं. पंपावर पैसे मात्र पुऱ्या लिटरचेच द्यायचे, ही तक्रार रास्त आहे.

पण 48 ची 38 झाली असेल, तर दुखणं गाडीचं. टायर गार असताना हवा बघा, चेनला तेल द्या, एअर फिल्टर उघडून झटका. सिग्नलला अर्धा मिनिट थांबायचं असेल तर इंजिन बंद. हाफ क्लचवर गाडी रेटायची सवय सोडा.

आणि डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, मागचं चाक हातानं फिरवा. हे मीच एकदा विसरलो. एका काकांची गाडी 36 वर आली होती. मी प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, फरक शून्य. मग चाक फिरवलं, तर अर्ध्या फेऱ्यात खर्रकन थांबलं. पावसाळ्यात ब्रेक लागेना म्हणून काकांनी घरीच नट आवळला होता. दोन फेरे सैल केला. पुढच्या टाकीला 44.

प्लगचे पैसे मी घेतले नाहीत.