तासाचे उद्दिष्ट कसे लिहावे : बडोद्यातील मराठी शिक्षकांसाठी

पाठ टाचणाच्या, म्हणजे तासाच्या लेखी नियोजनाच्या, वहीत ‘उद्दिष्टे’ हा रकाना वरच्या बाजूला असतो, पण तो बहुधा सर्वांत शेवटी आणि मागच्या वर्षीच्या वहीत पाहून भरला जातो. सराव पाठ घेणारे बी.एड.चे विद्यार्थी असोत वा अनुभवी शिक्षक, त्या रकान्यात साधारण एकाच साच्याची वाक्ये आढळतात : ‘परिमिती व क्षेत्रफळ या संकल्पना स्पष्ट करणे’. हे वाक्य चुकीचे नाही; फक्त ते शिक्षकाच्या कामाचे वर्णन आहे. तास संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, याविषयी ते काहीच सांगत नाही.

म्हणून लिहिण्याचा क्रम उलटा करावा. तासाच्या अखेरीस विचारायचा प्रश्न प्रथम लिहावा, त्यावरून उद्दिष्ट ठरवावे आणि कृती, साहित्य व फळ्यावरची मांडणी यांचा विचार त्यानंतर करावा. सहावीच्या परिमिती-क्षेत्रफळाच्या तासाला बडोद्यात असा प्रश्न सहज सुचतो : सुरसागर तलावाचा कठडा सर्व बाजूंनी रंगवायचा झाल्यास किती लांबीचे काम होईल हे कोणत्या मापाने कळेल, आणि तलावातल्या पाण्यावर पसरलेले शेवाळ काढायचे झाल्यास किती मोठ्या भागावर काम करावे लागेल हे कोणत्या मापाने? येथे एकही आकडा दिलेला नाही, हे मुद्दाम आहे. स्वाध्यायात ‘क्षेत्रफळ काढा’ असे शीर्षक वर छापलेले असते, त्यामुळे मूल लांबीला रुंदीने गुणते, उत्तर बरोबर येते आणि समजले की नाही हा प्रश्न तसाच राहतो. आकडे काढून घेतले की मुलाला प्रसंगाचा विचार करावाच लागतो.

या प्रश्नावरून उद्दिष्ट असे लिहिता येईल : ‘आकडे न दिलेल्या सहा प्रसंगांपैकी किमान पाच प्रसंगांत परिमिती लागेल की क्षेत्रफळ, हे विद्यार्थी ठरवील आणि त्याचे कारण एका वाक्यात सांगेल.’ अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये उद्दिष्टाची जी तीन अंगे मांडली, ती तिन्ही येथे आहेत : विद्यार्थ्याने करावयाची आणि आपल्याला दिसणारी कृती, ती कोणत्या परिस्थितीत करायची त्या अटी, आणि किती चांगली जमली म्हणजे पुरे मानायचे तो निकष. रोजच्या टाचणात निकष प्रत्येक वेळी आकड्यातच असावा असा माझा आग्रह नाही, परंतु कृती मात्र डोळ्यांना दिसणारी किंवा कानांना ऐकू येणारीच हवी. ‘समजेल’, ‘जाणीव होईल’, ‘आवड निर्माण होईल’ या क्रियापदांची तपासणी वर्गात करता येत नाही. ‘निवडेल’, ‘वर्गीकरण करील’, ‘चूक शोधून दुरुस्त करील’ यांची करता येते.

क्रियापद निवडताना बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये मांडलेली व २००१ मध्ये अँडरसन, क्रॅथवोल आदींनी सुधारलेली शिकण्याच्या स्तरांची उतरंड उपयोगी पडते. सुधारित रूपात स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती असे सहा स्तर आहेत. एका तासात सहाही स्तर गाठण्याचा अट्टहास मात्र करू नये. पस्तीस-चाळीस मिनिटांत एक उद्दिष्ट नीट साधले तरी पुष्कळ झाले. दोनपेक्षा अधिक लिहिलेली उद्दिष्टे सहसा केवळ वहीत राहतात. एनसीईआरटीने (राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने) २०१७ मध्ये प्राथमिक व उच्च प्राथमिक स्तरासाठी प्रसिद्ध केलेल्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या त्या इयत्तेत मुलाला काय यावे याची विधाने, जशाच्या तशा टाचणात उतरवण्याची प्रथाही याच कारणाने टाळावी. त्या वर्षभराच्या प्रवासासाठी आहेत, त्यामुळे एका निष्पत्तीचे तासागणिक तुकडे आपल्यालाच पाडावे लागतात.

उद्दिष्ट आणि प्रयोजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उद्दिष्ट म्हणजे आज काय जमले पाहिजे. प्रयोजन म्हणजे ते कशासाठी. ‘परीक्षेत येते’ हे प्रयोजन मुले मान्य करतात, पण त्याने त्यांच्या मनात कुतूहल उत्पन्न होत नाही. इतिहासाच्या तासाला सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण बडोदे संस्थानाला लागू केला, हे सांगायचे असते. ‘विद्यार्थी दोन्ही साले सांगेल’ एवढेच उद्दिष्ट ठेवले तर तास स्मरणावर संपतो. त्याऐवजी ‘मोठा कायदा आधी लहान भागात करून पाहण्याची दोन कारणे विद्यार्थी देईल’ असे ठरवावे आणि प्रयोजन मुलांच्याच भाषेत फळ्यावर लिहावे : नवीन नियम सगळ्यांवर एकदम लादावा की आधी थोड्यांवर करून पाहावा, हे आज आपण शोधणार आहोत.

फळ्यावर उद्दिष्ट लिहावेच, असा नियम करणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत नाही. ज्या तासात मुलांनी नियम स्वतः शोधायचा आहे, तेथे उद्दिष्ट आधी जाहीर केल्याने उत्तरच फुटते. अशा वेळी फळ्यावर प्रश्न लिहावा आणि उद्दिष्ट टाचणात ठेवावे. कवितेच्या तासालाही थोडे सैल राहावे.

बडोद्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि दूरचित्रवाणीवर हिंदी ऐकणारे मूल सुरसागराच्या प्रश्नाचे कारण अर्धे गुजरातीत सांगेल. गणिताच्या तासाला ते उत्तर पूर्ण बरोबर धरावे, कारण त्या दिवशी भाषा हे उद्दिष्ट नव्हते. मराठीच्या तासाला उद्दिष्टच ‘कर्माच्या लिंगाप्रमाणे क्रियापद योजणे’ हे असेल, तर मात्र ‘आजीने चहा केली’ हे वाक्य थांबवून दुरुस्त करवून घ्यावे. कोणत्या तासाला काय तपासायचे हे ठरलेले नसले, की मूल दोन्हीकडे बोलणी खाते आणि हळूहळू हात वर करणे सोडून देते.

शेवटची पाच मिनिटे आधी ठरवलेल्या प्रश्नासाठी राखून ठेवावीत. वहीच्या पानाच्या चतकोर तुकड्यावर प्रत्येकाने उत्तर लिहावे, कोणी कोणाला विचारू नये आणि त्याला गुण देऊ नयेत. चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे करावेत : निवड आणि कारण दोन्ही बरोबर, निवड बरोबर पण कारण नाही, आणि निवडच चुकलेली. मधला गठ्ठा सर्वांत बारकाईने वाचावा, कारण त्यात अंदाजाने बरोबर आलेली मुले असतात आणि तोंडी प्रश्नोत्तरांत ती कधीच सापडत नाहीत. टाचणाच्या शेरा रकान्यात ‘पाठ पूर्ण झाला’ असे न लिहिता ‘कठड्यासाठी बऱ्याच जणांनी क्षेत्रफळ निवडले; उद्या आरंभी दोरीने बाकाचा काठ मोजून घेणे’ असे लिहावे, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे उद्दिष्ट त्यातूनच लिहिता येते.