रीस्टार्टनंतर सुसाट, चार दिवसांनी ढिम्म? पोस्टग्रेसमध्ये आधी हे बघा

म्हापशातल्या हॉटेलचं बुकिंग असो नायतर पणजीतल्या दुकानाचं बिलिंग, पोस्टग्रेस डेटाबेसचा सर्व्हर हळूहळू मंद होत असेल तर लगेच रॅम घ्यायला धावू नका. आधी पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी (चालू कनेक्शनांची यादी) उघडा, स्टेट रकान्यात 'आयडल इन ट्रान्झॅक्शन' (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून गप्प बसलेलं) कोण आहे नि कधीपासून ते बघा, कारण असं एखादं कनेक्शन कमिट (काम पक्कं) न करता तासन्‌तास लटकलं की व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसच्या सफाईला) मेलेल्या, म्हणजे बदललेल्या-पुसलेल्या जुन्या ओळी साफ करता येत नाहीत आणि टेबल फुगत जातं. रीस्टार्टने ते कनेक्शन तुटतं, म्हणून तेवढ्यापुरतं बरं वाटतं! मग पीजी_स्टॅट_यूजर_टेबल्समध्ये एन_डेड_टप, म्हणजे टेबलातल्या मेलेल्या ओळींचा आकडा बघा. ऑटोव्हॅक्यूम (आपोआप चालणारी सफाई) डिफॉल्टला साधारण 20 टक्के ओळी मेल्यावर जागा होतो, मोठ्या टेबलाला स्केल फॅक्टर (हेच प्रमाण) 0.02, म्हणजे 2 टक्के द्या. व्हॅक्यूम फुल (टेबल नव्याने लिहिणारी सफाई) मात्र डिसेंबरच्या सीझनात भर दुपारी नको हां, अख्खं टेबल लॉक होतं.