निवेदन करायला निघालाय? आधी माईकचं बटण शोधून ठेवा

युवारंगमधून, म्हणजे विद्यापीठाच्या युवक महोत्सवातून, नाहीतर कॉलेजच्या गॅदरिंगमधून बाहेर पडलेली बरीच पोरं आता जळगाव-धुळ्याकडे सूत्रसंचालन करायला लागलीत, चांगलंच आहे. कार्यक्रमपत्रिका कशी लावायची, पाहुण्यांची नावं पदासकट आयोजकाकडून कशी लिहून घ्यायची हे तुम्हाला येतंच, त्यात मी पडत नाही. मी फक्त गप्प बसण्याबद्दल बोलतो, तेही हास्य कविसंमेलन, सेवापूर्तीचा सत्कार, आखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) कार्यक्रम असल्या ठिकाणी. गंभीर कार्यक्रमात माणूस आपसूक जपून बोलतो, हशा सुरू झाला की जीभ सुटते. माझी अजूनही वळवळते.

सापळा एकच. कवीने पंच टाकला, हॉल हसला, आणि तुम्ही टाळ्या संपायच्या आत "क्या बात है" करत वरून स्वतःची चारोळी चढवली. तुम्हाला वाटतं रंग भरला. होतं असं की माईकवर आवाज आला की लोक ऐकायला गप्प होतात, सवयच असते ती, आणि हशा तिथंच कापला जातो. त्यात आपल्याकडे हशा एका दमात येत नाही भो. अहिराणी कविता असली की पुढच्या रांगा लगेच हसतात, मग बदली होऊन आलेला एखादा साहेब शेजारच्याला विचारतो काय म्हणाला, शेजारचा समजावून सांगतो, सांगताना स्वतःच परत हसतो, आणि मग दुसरी लाट येते, बऱ्याचदा पहिल्यापेक्षा मोठी. मुरलेला कवी त्या लाटेसाठीच थांबलेला असतो, पाणी पितो, चष्मा पुसतो. त्याला ओळ आठवेना असं समजून मदतीला धावू नका!! थांबलेला माणूस लोकांकडे बघतो, अडकलेला तुमच्याकडे बघतो. तुमच्याकडे बघितलं तरच तोंड उघडायचं, तेही एक वाक्य.

कॉर्डलेस माईक असेल तर बटण बंद करून हात खाली. बटणाचा खट्ट आवाज स्पीकरवर येत असेल तर साऊंडवाल्याला आधीच सांगून ठेवा, तो तिकडून म्यूट करतो. त्याच्याशी दोस्ती ठेवा, अध्यक्षांपेक्षा तो जास्त कामाचा. आणि गप्प म्हणजे पुतळा नाही हं, मनापासून हसा, लोक तुमचाही चेहरा बघत असतात.

सेवापूर्तीला सहकारी सरांची टर उडवतात, त्यांचा तो हक्क, उभी नोकरी सोबत काढलीय. तुमची ओळख आज दुपारची. समोर सून, जावई, व्याही बसलेत, त्यात आपला एक विनोद घालायचा नाही म्हणजे नाही. पुढाऱ्यांचंही तेच, दोघं एकमेकांना चिमटे काढतात आणि रात्री एकाच ढाब्यावर शेवभाजी खातात, तुमच्या कॉमेंटची क्लिप मात्र गावभर फिरते.

जत्रेत एकामागे एक बांधलेल्या बारा गाड्या भगत ओढतो, त्या बारागाड्यांना तर अक्षरशः तोंड बंद. भगत गाड्या ओढायला लागला की दोन्ही बाजूंनी गर्दी रेटते, बगल्यांची, म्हणजे भगताच्या दोन्ही बाजूंच्या साथीदारांची, हाक पुढच्यांना ऐकू जायला पाहिजे, तुमची शायरी नाही. तिथं माईक फक्त "बाजूला व्हा" आणि हरवलेल्या पोराचं नाव सांगायला.

युवक महोत्सवाच्या नियमांत मिमिक्रीला पाच मिनिटं आणि स्किटला दहा मिळतात, आणि काही निवेदक नुसती ओळख करून द्यायलाच तेवढा वेळ खातात. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या शायरीच्या पीडीएफ हे त्याचं मूळ, पाठ केली की वापरल्याशिवाय राहवत नाही. डिलीट करा. गुरू करायचाच असेल तर जास्त टाळ्या घेणारा नको, ज्याचा कार्यक्रम वेळेत संपतो तो बघा. कार्यक्रम उघड्यावर असला की एरवी रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, तेव्हा तुमची पाल्हाळ शेवटच्या कवीच्या वेळेतूनच जाते, आणि शेवटी बहुतेक सगळ्यात चांगला कवी ठेवलेला असतो.

सुरुवातीला या शांततेत घाम फुटतो, वाटतं सगळे आपल्याकडेच बघतायत. कोणी बघत नसतं, लोक हसत असतात. हां, एखादा आयोजक म्हणेल की "तुम्ही तर फारसं बोललाच नाहीत" आणि पाकिटात हात घालून रेंगाळेल. म्हणून मानधन आधीच ठरवा, निम्मं फोनपेवर घ्या, उरलेलं जेवणाच्या पंगतीआधी.