रात्रीचं दारं धरताना

पारा उतरला की नाशिकच्या निफाड पट्ट्यात सल्ले सुरू होतात: द्राक्षबागेला रात्री पाणी द्या, बांधावर शेकोट्या पेटवा. पिकाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. ओलसर जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते. पण ते पाणी देणाऱ्या माणसाचं काय? रात्रपाळीची वीज आली की गव्हा-कांद्याचं दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला, तोच अनवाणी, पोटरीभर चिखलात उभा असतो.

कोरड्या थंडीपेक्षा ओली थंडी फार लवकर बाधते. गमबूट घालाच. कोरडे मोजे आणि कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मोटरीच्या खोलीत ठेवा. भिजलात तर पाळी संपायची वाट न बघता कपडे बदला.

हुडहुडी भरली तर काम थांबवा. हुडहुडी भरलेला माणूस अडखळत बोलू लागला, फावडं हातातून निसटू लागलं किंवा कापरं थांबून तो गप्प, सुस्त झाला, तर ते बरं वाटल्याचं लक्षण नव्हे. अंगातली ऊब संपत चालली आहे. ओले कपडे काढा, घोंगडीत गुंडाळा, छाती-पोट आधी उबदार करा. १०८ ला रुग्णवाहिकेसाठी फोन लावा आणि शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा द्या. ‘थोडी घेतली की थंडी पळते’ हे साफ खोटं आहे. दारूने कातडी गरम वाटते, पण आतली ऊब बाहेर निघून जाते.

बधिर पाय थेट शेकोटीला लावू नका. चटका कळत नाही आणि कातडी भाजते. मधुमेह असणाऱ्यांनी हे जास्तच सांभाळावं.

सगळ्यात जास्त भीती शेगडीची आहे. पाणी भरून दमलेली माणसं कोळशाची शेगडी खोलीत घेतात, वारा आत येऊ नये म्हणून दार लावतात आणि झोपतात. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. डोकं दुखतंय, मळमळतंय हे कळायच्या आत माणूस बेशुद्ध होतो. विझत आलेले निखारेसुद्धा आत ठेवू नका. शेकायचं ते उघड्यावर, झोपायचं ते शेगडीविना.

ओल्या हाताने, अनवाणी मोटरीच्या स्टार्टरला हात लावू नका. त्याच्या पेटीखाली उभं राहायला कोरडी फळी किंवा रबरी चटई टाका. उसालगत बिबट्याचा वावर असेल तर एकट्याने जाऊ नका, वाकून काम करताना बॅटरी चालू राहू द्या. आणि कोणत्या वाफ्यावर आहात, किती वाजता परतणार, हे घरी सांगूनच निघा.